थांबलेल्याच्या मागचा

काळेवाडीत दोन खोल्यांत राहणारा ज्योतीराम बिराजदार गेली बावीस वर्षं चाकणजवळच्या महाळुंग्याच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. कामाबद्दल विचारलं तर माल उचलण्याविषयी तो काहीच बोलत नाही. "उचलायला काय, माकड बी उचलंल," तो म्हणतो. "थांबायला शिकावं लागतंय." हे वाक्य त्यानं इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं आहे, की ते सुरू झालं की त्याची बायको विजयश्री दूध बघायला म्हणून आत निघून जाते.

लातूरकडच्या औसा तालुक्यातून आला तेव्हा तो विशीत होता. आधी भोसरीच्या एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागला. तिथं फोर्कलिफ्ट म्हणजे शेडची पाटलीण. तिचा हॉर्न वाजला की बाकीच्यांनी भिंतीला चिकटायचं, एवढाच नियम. ज्योतीराम दोन वर्षं चिकटला आणि चिकटता चिकटता त्यानं ठरवलं की एक दिवस आपण त्या सीटवर बसायचं. लायसन काढलं, महाळुंग्याच्या कंपनीत चिकटपट्टीसारखा मागे लागून नोकरी मिळवली, आणि पहिल्या दिवशी स्वारी ऐटीत हजर झाली. तर ट्रेनरनं तीन दिवस त्याला फोर्कलिफ्टला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसतं चालायला लावलं. स्टोअर ते प्रेस शॉप, प्रेस शॉप ते स्टोअर, जमिनीवरच्या हिरव्या पट्ट्यातून. जिथं रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे येतील तिथं उभं राहायचं, उजवीकडे बोट करून मोठ्यानं "उजवीकडे सेफ" म्हणायचं, मग डावीकडे, मग समोर, आणि त्यानंतर पाय टाकायचा. बालवाडीतला हा खेळ चारचौघांत खेळताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी तो असाच बोट करून उभा असताना एक भरलेली फोर्कलिफ्ट आली. पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. चालवणाऱ्यानं पुढचे दोन्ही लोखंडी फोर्क जमिनीला टेकवले, ज्योतीरामच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. म्हणजे, जा तू. एवढं मोठं धूड एका साध्या माणसासाठी उभं राहिलं होतं आणि हॉर्नही वाजला नव्हता. ज्योतीरामला त्या क्षणी रडू येईल की काय असं वाटलं, हे त्यानं विजयश्रीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून थांबणं हाच त्याचा धर्म झाला. बावीस वर्षांत त्याच्या फोर्कलिफ्टचा कुणाच्या बुटालाही धक्का लागला नाही. सेफ्टी वीकमध्ये तीनदा बक्षीस मिळालं. तिन्ही वेळा भिंतीवरचं घड्याळ. त्यातलं एक चालतं.

सहा वर्षांपूर्वी कंपनीत झाडलोटीला छबूबाई आली. ही महाळुंग्याचीच, जुन्या घरातली. कंपनी उभी राहिली त्या जागेत तिच्या घरचं कांद्याचं वावर गेलं होतं. गेलं ते गेलं, त्यावर ती कधी रडत बसली नाही. पण नवरा वारला, सून घरात आली, रिकामा दिवस अंगावर यायला लागला, तेव्हा तिनं ठेकेदाराकडे काम मागितलं. आजूबाजूच्या कंपन्या सोडून नेमकी हीच मागितली. पहिल्या दिवशी झाडू घेऊन ती प्रेस शॉपमध्ये शिरली. विहीर कुठं होती, बांध कुठून जात होता याचा अंदाज घेत घेत स्टोअरच्या तोंडाशी असलेल्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी आली आणि म्हणाली, "हितं आमचा रोपाचा वाफा व्हता."

नेमकी तेव्हाच ज्योतीरामची फोर्कलिफ्ट तिथं आली. तो थांबला, फोर्क टेकवले, मान हलवली. छबूबाई इकडेतिकडे न बघता सरळ निघाली. ज्योतीरामनं हॉर्न दिला.

"मावशी, मागं व्हा. बोट दावा."

"कसलं बोट?"

"उजवीकडं, डावीकडं, समोर. मग जावा."

"आरं, माझ्या वावरात मला उजवं-डावं बघाया लावतोस व्हय? तुझ्या बापानं लावला व्हता का कांदा हितं?"

"न्हाई लावला. पण बोट दावल्याबिगर मी गाडी हलवत नसतो."

चार मिनिटं कुणीच हललं नाही. लाइनवर माल पोचेना म्हणून सुपरवायझर धावत आला. मागोमाग सेफ्टी ऑफिसर निरंजन आला. नियमानं ज्योतीराम बरोबर होता आणि वयानं छबूबाई, त्यामुळे निरंजन नुसताच हेल्मेट काढून पुन्हा घालत राहिला. शेवटी छबूबाईनं झाडू काखेत मारला. बोट उजवीकडे केलं, डावीकडे केलं, आणि समोर करायच्या ऐवजी थेट ज्योतीरामच्या नाकावर रोखलं. "झालं का समाधान, लातूरकर?"

नवा मुल्ला जास्त मोठ्यानं बांग देतो म्हणतात, तसं महिन्याभरात झालं. छबूबाईसारखं कडक बोट अख्ख्या प्लांटमध्ये कुणी दाखवत नव्हतं. मोबाइलमध्ये डोकं घालून पट्टे ओलांडणाऱ्या एका मोठ्या साहेबाला तिनं झाडू आडवा धरून अडवलं होतं. "बोट," एवढंच म्हणाली. साहेबानं बोट केलं. आणि ज्योतीरामच्या थांबण्यावर तर तिचा असा भरवसा बसला की नव्या बायकांना ती शिकवायची, "लातूरकर थांबला म्हंजी समदं थांबलं. खुशाल जायाचं."

सून रुपाली म्हणायची, आता बास करा, आपल्याला कमी काय आहे. छबूबाईचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी कामाला न्हाई गं जात. वावरात जाती."

वावरात जायला तिला एकच अडचण होती. मधे रस्ता होता.

गाव रस्त्याच्या एका बाजूला, कंपनीचं गेट दुसऱ्या. मधे दुभाजक नाही, सिग्नल नाही. ट्रेलर, टँकर, बसगाड्या, पिकअप आणि ट्रिपल सीट मोटरसायकली. गेटच्या आत ताशी दहा किलोमीटरची पाटी, गेटच्या बाहेर ज्याची त्याची मर्जी. एका सेफ्टी वीकला परवानगी काढून कंपनीनं गेटपासून थोडं पुढे रस्त्यावर झेब्राचे पट्टे मारून घेतले. त्या दिवशी फोटो निघाले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून गाड्या पट्ट्यांवरून तशाच जात राहिल्या आणि पट्टे झिजत राहिले. पहिली शिफ्ट तीनला सुटली की छबूबाई आणि आणखी पाचसहा बायका एकमेकींचे हात धरून काठाला उभ्या राहायच्या, आणि कुणीतरी "चल गं!" म्हटलं की पदर सावरत धूम पळायच्या.

ज्योतीराम हे मोटरसायकलवरून रोज बघायचा. सुटल्यावर बसनं गेलं तर ती पिंपळे गुरवला वळसा घालून काळेवाडीला आणते, तास जातो, म्हणून तो बावीस वर्षं मोटरसायकलनंच येजा करतो. आत ज्या बाईसाठी दोन टन माल उभा राहतो ती बाहेर तीस पावलांवर कोंबडीसारखी पळते, याची त्याला लाज वाटायला लागली. चूक आपली नाही हे कळत होतं, तरी वाटायची. एक दिवस त्यानं घरी जाहीर केलं की उद्यापासून आपण बाहेरच्या पट्ट्यांवरही थांबणार.

"रस्ता म्हंजे तुमची कंपनी हाय का?" विजयश्री म्हणाली.

"पट्टा तर पट्टाच हाय की. कायदा बी तेच सांगतो. चालणारा आधी."

"कायदा सांगतो. गाड्या ऐकतात का?"

त्यावर तो थांबण्याविषयीचं आपलं नेहमीचं वाक्य बोलायला लागला आणि विजयश्री दूध बघायला गेली.

दुसऱ्या दिवशी तीनला तो गेटमधून डावीकडे वळला, पट्ट्यांपाशी येऊन लेनच्या मधोमध मोटरसायकल उभी केली, दोन्ही पाय टेकवले आणि समोरून येणाऱ्यांना उजवा हात उंच केला. त्याच्या पाठीमागे कंपनीची बस होती, ती नौशाद चालवायचा. त्याला थांबण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. समोरचा एक ट्रॅक्टर काय चाललंय ते बघायला म्हणून थांबला. ज्योतीरामनं छबूबाईकडे बघून मान हलवली. तिनं तिन्ही बाजूंना बोट दाखवलं आणि बायकांना घेऊन ती चालत गेली. पळाली नाही, चालत गेली.

हे आठ महिने चाललं. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ व्हायचा. नौशाद खिडकीतून म्हणायचा, "भावा, तुझ्यामागे मी, माझ्यामागे अख्खं चाकण." पण तोही थांबायचा. लोक ज्योतीरामला 'सिग्नल' म्हणायला लागले, आणि खोटं कशाला सांगा, त्याला ते आवडायचं. बायका हजेरीच्या मशीनपाशी अडकल्या असतील तर तो गेटपाशी हेल्मेटचा पट्टा उगाच काढून घालत बसायचा, म्हणजे वेळ जुळून यावी. पुण्य करायचं ते जरा दिसेलसं करावं, असा माणसाचा स्वभावच असतो.

जानेवारीतल्या एका मंगळवारी बाकीच्या बायका मागे राहिल्या आणि छबूबाई एकटीच पुढे आली. ज्योतीराम थांबला होता. त्याच्यामागे नौशादची बस थांबली होती. समोरची बाजू रिकामी होती. छबूबाईनं उजवीकडे बोट केलं, तिथं ज्योतीराम होता आणि त्याच्यामागे बस. डावीकडे केलं, समोर केलं. ज्योतीरामनं मान हलवली. ती त्याच्या चाकापुढून तीन पावलं गेली, आणि बसच्या मागून उजव्या अंगानं निघालेल्या पिकअपनं तिला उडवलं.

पिकअप वीसेक फुटांवर जाऊन उभी राहिली. तिच्यात निळ्या प्लास्टिकच्या पेट्या रचलेल्या होत्या. ज्योतीरामनं त्या लगेच ओळखल्या. पुढच्या माल गेटवर त्या उतरायच्या होत्या, दुसऱ्या शिफ्टच्या लाइनसाठी. तसल्याच पेट्या तो रोज पहिल्या शिफ्टला उचलायचा. पेट्या अर्धा तास उशिरा आल्या तर लाइन थांबते आणि लाइन थांबली की सगळ्यांची खरडपट्टी निघते, हे त्याला आणि पिकअपवाल्याला सारखंच माहीत होतं.

पिकअपवाला चाळिशीतला माणूस. पळून गेला नाही. खाली उतरला. "बस उभी होती ओ," तो दिसेल त्याला सांगत होता. "मला वाटलं बंद पडलीय." हे बोलणं ज्योतीरामला फार लागलं, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. भर रस्त्यात गाडी उभी दिसली तर ती बंद पडली असंच कुणालाही वाटणार. ती कुणासाठी तरी थांबली असेल हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

नौशादनं बसमधल्या लोकांना उतरवून छबूबाईला त्याच बसमधून चाकणला दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. आत रॉड घातला. ठेकेदार भला माणूस, म्हणाला की तीन महिने जागा धरून ठेवतो, त्यापुढं मलाही वरून विचारतात.

पोलिसांनी पंचनामा केला. हवालदारानं ज्योतीरामला विचारलं, "तुम्ही रस्त्यात कशासाठी थांबला होता?"

"झेब्रा होता ना साहेब."

हवालदारानं रस्त्याकडे बघितलं आणि लिहिलं, "पट्टे पुसट." ते खरंच होतं. केस झाली, ती चालू आहे.

मग दहा तोंडं, दहा बोलणी. कुणी म्हणालं, पिकअपवाल्याची चूक. कुणी म्हणालं, हा शहाणा थांबला नसता तर बाई नेहमीसारखी बघून पळाली असती आणि धड घरी गेली असती. निरंजननं केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "ज्योतीराम, तुमचं काही चुकलं नाही. फक्त बाहेर सिस्टिम नाहीये." ज्योतीरामला या वाक्यानं जराही बरं वाटलं नाही. आपण चुकलो असं कुणी तोंडावर म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्याच्या मनाला एकच गोष्ट खात होती. तिनं बोट दाखवलं होतं, आणि मान आपण हलवली होती.

त्यानं थांबायचं सोडलं. सुटल्यावर तो माल गेटनं बाहेर पडायला लागला, म्हणजे ते पट्टे वाटेतच येऊ नयेत. त्या पाचसहा बायका पुन्हा हात धरून पळायला लागल्या.

आठ दिवस त्यानं दवाखान्यात जायचं टाळलं. नवव्या दिवशी विजयश्रीनं शहाळी घेतली आणि त्याला पुढे घालून नेलं. छबूबाई खाटेवर पडली होती. पाय उशांवर ठेवलेला. तिनं विजयश्रीची चौकशी केली, शहाळं प्यायली, रुपालीला खुर्ची आणायला लावली. शिव्या देईल अशी ज्योतीरामनं मनाची तयारी केली होती. तिनं शिव्या दिल्या नाहीत. फक्त जाता जाता विचारलं.

"लातूरकर, तू थांबला व्हतास ना?"

"व्हय, मावशी."

"मग मागचा कसा न्हाई थांबला?"

ती खरंच विचारत होती. टोमणा असता तर तो गिळून बाहेर पडला असता. सहा वर्षं तिनं एकच पाहिलं होतं, की एक फोर्कलिफ्ट थांबली की तिच्यामागची थांबते, तिच्यामागची ट्रॉली थांबते, सगळं थांबतं. ज्योतीराम रिकामं शहाळं हातात धरून उभा राहिला. खाली मोटरसायकलला किल्ली लावतानाही तो प्रश्न त्याच्या कानांत होता.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. छबूबाई आधी वॉकरवर, मग काठीवर चालायला लागली. घरात चालली, अंगणात चालली, देवळापर्यंत चालली. रुपालीनं सांगून टाकलं की आता काम सोडायचं, त्या रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. लोकांनाही तेच बरोबर वाटलं. पण ठेकेदारानं दिलेले तीन महिने संपायला आले होते आणि जागा गेली की गेटवरचं कार्ड जाणार होतं. कार्ड गेलं की उभ्या जन्मात वावरात पाऊल पडणार नव्हतं. छबूबाईनं शेवटच्या सोमवारचा दिवस धरला.

ही बातमी नौशादनं आणली. ज्योतीराम म्हणाला, "मी जातो त्यांना आणायला. पट्ट्यांवर गाडी आडवी लावतो."

"पुन्हा गाडी?" नौशाद म्हणाला. "भावा, रागावू नको. तू सीटवर बसून मान हलवतोस. चालते ती. उंटावरून शेळ्या हाकल्या आपण दोघांनी. तू कधी तो रस्ता पायी ओलांडलास?"

ज्योतीराम आठवायला लागला. बावीस वर्षांत एकदाही नाही. गाडीवरून यायचं, गेटमध्ये शिरायचं, गाडीवरून जायचं. चहालासुद्धा तो कधी पलीकडे गेला नव्हता. कंपनीचा चहा त्याला पुरायचा.

सोमवारी सव्वासहाला त्यानं मोटरसायकल आत लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि पायी बाहेर आला. उजाडलं होतं. पलीकडच्या काठाला छबूबाई काठी घेऊन उभी होती, शेजारी रुपाली. साडेसहाला शिफ्ट. त्याचा बेत साधा होता. आपण पलीकडे जायचं, तिचा हात धरायचा, घेऊन यायचं.

तो पट्ट्यांपाशी उभा राहिला. पट्टे म्हणजे आता डांबरावरचे पांढरट डाग. त्यानं सवयीनं उजवीकडे बोट केलं. सेफ नव्हतं. डावीकडे केलं. तिकडेही नव्हतं. बोट वर धरून तो तसाच उभा राहिला. रात्रपाळीच्या बसगाड्या गेल्या, सळया भरलेला ट्रेलर गेला, दुधाचा टेम्पो गेला. ट्रेलर जाताना पायाखालची जमीन हलली. गाडीवरून हा रस्ता इतका रुंद कधीच दिसला नव्हता. एकदा त्यानं एक पाय टाकला, तेवढ्यात मोटरसायकलवाला शिवी हासडून गेला आणि ज्योतीराम उडी मारून मागे आला. तो घाबरला होता, आणि घाबरलो आहोत हे पलीकडून दोन बायका बघताहेत याची त्याला लाजही वाटत होती.

"काय रं लातूरकर," पलीकडून आवाज आला. "बुजगावणं म्हणून ठिवलंय का तुला?"

रुपालीलाही हसू आवरलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं नौशादची बस आली. पहिल्या शिफ्टची माणसं घेऊन ती येत होती. नौशादनं छबूबाईला पाहिलं आणि पट्ट्यांच्या अलीकडे बस उभी केली. ज्योतीरामच्या बाजूनंही त्या घडीला काही येत नव्हतं.

"या मावशी!" ज्योतीराम ओरडला. "थांबलाय तो! या!"

छबूबाई आली नाही. तिनं काठी डाव्या हातात घेतली. उजवीकडे बोट केलं, डावीकडे केलं, समोर केलं. मग रुपालीचा हात सोडून ती बसच्या तोंडापुढून सावकाश चालत बसच्या पलीकडच्या कडेपर्यंत आली आणि तिथं थांबली. कडेच्या बाहेर फक्त मान काढली. बसच्या मागून एक मोटरसायकल सुसाट आली आणि तिच्या पुढ्यातून निघून गेली. तिच्यामागून एक पिकअप. छबूबाई हलली नाही. ज्योतीरामनं तिला बोलवायला वर केलेला हात खाली घेतला. सगळं जाऊन मागचा रस्ता मोकळा दिसला, तेव्हा तिनं चौथं बोट केलं. बसच्या मागे. मग काठी टेकत, एक पाय किंचित ओढत, घाई न करता ती उरलेला रस्ता चालत आली.

त्याला हात धरायला द्यायच्या आधी ती जरा दम खात उभी राहिली.

"थांबलेला दिसतो रं," ती म्हणाली. "त्येच्या मागचा दिसत न्हाई. दवाखान्यात पडून पडून येवढंच घावलं मला."

"माझं चुकलं, मावशी."

"व्हय, चुकलं," छबूबाई म्हणाली. "माझं बी चुकलं. चल, शिफ्ट भरंल."

शिफ्टला एक मिनिट असताना तिचं कार्ड मशीनवर वाजलं.

सकाळी दहाच्या सुमारास ज्योतीराम स्टोअरमधून निळ्या पेट्या घेऊन निघाला. पांढऱ्या पट्ट्यांपाशी झाडू आणि काठी घेऊन छबूबाई उभी होती. त्यानं फोर्कलिफ्ट थांबवली. फोर्क जमिनीला टेकवले, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. इथं रस्ता नव्हता, इथं त्याचा नियम होता, इथं बावीस वर्षांत कुणाला ओरखडा आला नव्हता. तिनं उजवीकडे बोट केलं, डावीकडे केलं, समोर केलं. पाय मात्र टाकला नाही. काठीवर भार देऊन ती बाजूला वाकली, त्याला ओलांडून पलीकडे बघायला लागली, आणि चौथं बोट तिनं त्याच्या मागे केलं.

ज्योतीरामला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्याच्या आयुष्यात लोकांनी दिलेली एकच मोठी गोष्ट होती, तो थांबला की पुढं जाण्याचा भरवसा, आणि ती आता पूर्वीसारखी नव्हती. इथं मागं काही नसतं मावशी, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. मागे खरंच काही नव्हतं. पण ते त्याला कुठं माहीत होतं? मान हलवण्याआधी आपण कधी मागे वळून बघितलंच नाही, हे त्याला सीटवर बसल्या बसल्या कळलं.

त्यानं सीटवरून पूर्ण वळून मागे बघितलं. मागची वाट स्टोअरच्या दारापर्यंत रिकामी होती. तो पुन्हा पुढे वळला आणि त्यानं दुसऱ्यांदा मान हलवली.

तेव्हा छबूबाईनं वावरात पाय टाकला.